चकती वाकवा, ऊब घ्या

थंडीत शिरूर-दौंडच्या पट्ट्यात पहाटे ऊसतोडीला जाणाऱ्या आयाबहिणींचे हात बधिर होतात. घरी म्हाताऱ्या माणसांसाठी, बाळंतिणीसाठी शेगडी पेटते. म्हणून आज आम्ही बिनधुराच्या उबेविषयी सांगणार आहोत.

बाजारात तळहाताएवढी प्लास्टिकची पिशवी मिळते. आत पातळ द्रव व धातूची लहान चकती असते. चकती वाकवली की टक् आवाज होतो, द्रव पांढरा व घट्ट होतो आणि पिशवी तापते. यात चमत्कार काही नाही. हा द्रव म्हणजे सोडियम ॲसिटेट. व्हिनेगर व खायचा सोडा एकत्र केल्यास तयार होते तेच. त्याचे पाणीदार खडे ५८ अंशांना वितळतात, पण निवल्यावर लगेच गोठत नाहीत. दौंडकडच्या गुऱ्हाळातली काकवी बाटलीत बरेच दिवस पातळ राहते; तळाशी साखरेचा एक खडा धरला की त्यावर दुसरे चढतात. इथे पहिला खडा चकतीपाशी धरतो. वितळताना घेतलेली उष्णता गोठताना परत मिळते.

म्हणजे ऊब फुकटची नव्हे, उसनी. पिशवी फडक्यात गुंडाळून, सगळे खडे विरेपर्यंत उकळत्या पाण्यात ठेवावी. ती पुन्हा कामाला येते.

वाचकहो, ही पिशवी तान्ह्या बाळाच्या उघड्या अंगाला लावू नका. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून कधीही झोपू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो. माणूस झोपेतच दगावतो.