आपला पोरगा 'संगतीनं बिघडतो', त्यांचा मात्र 'जन्मजात'?

जरा लांब पोस्ट आहे. पण सवड काढून वाचा.

माणूस वाईट जन्मतो की वाईट बनतो? यावर आपल्या मराठीत दोन्ही बाजूंच्या म्हणी तयार आहेत. एक म्हणते, खाण तशी माती. दुसरी म्हणते, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. म्हणजे एकीत दोष रक्ताचा, दुसरीत शेजाराचा.

आता गंमत बघा. आपल्या घरातल्या पोरानं गाडी चोरली की आपण पवळ्याची म्हण काढतो. "पोरगं चांगलं होतं हो, संगत वाईट लागली." तेच पारध्याच्या पोरानं केलं, किंवा त्यानं केल्याचा नुसता संशय आला, की लगेच खाण तशी माती. "त्यांच्या रक्तातच आहे." गुन्हा एकच, पण न्याय दोन.

हे 'रक्तातच आहे' नुसतं पारावरचं बोलणं नव्हतं. इंग्रजांनी त्याचा कायदा केला होता. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. आधी तो उत्तरेत लागू झाला आणि १९११ च्या कायद्यानं आपल्या मुंबई इलाख्यातही आला. लोंब्रोसो नावाच्या इटालियन डॉक्टरनं जन्मजात गुन्हेगाराचा सिद्धांत मांडला तो १८७६ साली. म्हणजे युरोपात पुस्तक निघायच्या पाच वर्षं आधीच इथं अख्ख्या जमातींच्या कपाळावर शिक्का बसला होता. जमातीत जन्मलात, एवढाच गुन्हा. हाताचे ठसे, पोलिसांकडे हजेरी, गावाबाहेर जायला परवानगी. सोलापुरात तर तारेच्या कुंपणात सेटलमेंट होती. आजही सोलापूरकर त्या भागाला सेटलमेंटच म्हणतात.

याच कायद्यात १८९७ साली एक दुरुस्ती झाली. चार ते अठरा वयाची मुलं आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवायची मुभा सरकारला मिळाली. का, तर चांगले संस्कार व्हावेत म्हणून! अहो, गुन्हा रक्तातच असेल तर संस्कारांनी काय होणार? आणि संस्कारांनी माणूस सुधारत असेल, तर जन्माच्या नोंदीवर आईबापाला गुन्हेगार कसं ठरवलं? याचं उत्तर कुणी दिलं नाही. दोन्ही मतं सोयीनं वापरली गेली आणि दोन्ही वेळा मार गरिबालाच बसला.

स्वभावाचा थोडा भाग जन्मानं येतो, हे कुणीही आई सांगेल. एकाच घरातली दोन भावंडं, एक शांत आणि एक तापट. राग, हाव, भीती आणि माया, सगळंच घेऊन आपण येतो. त्यातलं काय वाढतं, ते घर, शाळा, भूक आणि धाक ठरवतात. पण जन्मतः येतं ते माणसागणिक येतं. अख्खी जमात चोर, अख्खी जमात साव, असा हिशोब कुठल्याच शास्त्रात बसत नाही.

१ जुलै २०१८ आठवा. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना 'मुलं पळवणारी टोळी' समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. मारणारे कुठल्या गुन्हेगारी यादीतले नव्हते. बाजाराला आलेली तुमच्याआमच्यासारखीच माणसं. ती काय खुनी जन्मली होती? मोबाईलवरची अफवा आणि परक्या, भटक्या माणसाबद्दल मनात आधीच साठलेला संशय, एवढ्यावर घात झाला.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. वाईटपणा कुणा एका जमातीत नाही. ती शक्यता प्रत्येकात आहे, माझ्यातही आणि तुमच्यातही. 'ते तसलेच' हे मात्र शंभर टक्के शिकवलेलं असतं, आणि ते आपल्याच ओट्यावर, पोरांच्या देखत शिकवलं जातं.

३१ ऑगस्ट १९५२ ला या जमाती कायद्यानं 'विमुक्त' झाल्या. तरी जेलच्या नियमावल्यांत जुनी नजर शिल्लकच होती. सुकन्या शांता या पत्रकार बाईंनी त्यावर बातमीदारी केली, मग याचिका केली, आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं असे भेदभावाचे नियम घटनाबाह्य ठरवले. आमच्या धंद्याचा अभिमान वाटावा असं हे काम.

त्याच धंद्यातल्या तालुक्याच्या बातमीदार मित्रांना विनंती, चोरीच्या बातमीत जात लिहू नका. बाकीच्यांची जात लिहीत नाही, मग यांचीच का? पोलीस बांधवांनो, पुरावा बघून पालावर जा, पाल बघून पुरावा शोधू नका. आणि गुरुजी, वर्गात पेन हरवलं की पहिलं दप्तर कुणाचं तपासता, तेवढं एकदा आठवून बघा. त्या पोराला रोज चोर म्हणून बघितलं, तर तो काय शिकणार?

पटलं नाही तर कमेंटमध्ये भांडा. पण जात काढून नको.