सजग पालकाने नेमके काय वाचायचे होते?

औषधाने माणसे दगावली की दोन-चार दिवसांतच उपदेशाची सरबत्ती सुरू होते. लेबल वाचा, मुदत तपासा, पावती घ्या, मनाने औषध देऊ नका, प्रश्न विचारा. थोडक्यात, रुग्णाने सजग असावे. उपदेश चुकीचा नाही. चुकीची आहे ती त्याची वेळ, आणि त्याआडून होणारी जबाबदारीची अदलाबदल.

2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात, मुख्यतः परासिया परिसरात, कोल्ड्रिफ नावाच्या खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक लहान मुलांचा बळी घेतला. सर्दी-ताप, मग लघवी बंद, मग मूत्रपिंडे निकामी. अनेक मुलांना धावपळ करून नागपूरला आणले गेले. या मुलांच्या आईबापांनी उपदेशातले काय केले नव्हते? औषध बहुतेकांना डॉक्टरांनीच लिहून दिले होते, आणि ते परवानाधारक कारखान्यात तयार झालेले होते. तामिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेला त्यात 48.6 टक्के डायएथिलिन ग्लायकॉल आढळले. मान्य मर्यादा 0.1 टक्का आहे. हे द्रव्य रंगहीन आणि चवीला गोडसर असते. औषधात चालणाऱ्या ग्लिसरीनपासून किंवा प्रोपिलिन ग्लायकॉलपासून ते वेगळे ओळखायला गॅस क्रोमॅटोग्राफीसारखी चाचणी लागते. ते यंत्र परासियातल्या कोणत्या स्वयंपाकघरात असणार होते?

बातम्या वाचणाऱ्या पालकाची गत तर आणखी वाईट झाली असती. 3 ऑक्टोबरला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले, की तोवर तपासून झालेल्या नमुन्यांत हे विष सापडलेले नाही. त्यानंतर काही तासांतच तामिळनाडूचा अहवाल पुढे आला. त्या दिवशी सर्वाधिक माहिती असलेला बाप सर्वाधिक निर्धास्त झाला असता.

हे अनपेक्षित होते, असे म्हणण्याचीही सोय नाही. 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाने दूषित झालेल्या ग्लिसरीनने 14 रुग्ण गेले. लेंटिन आयोगाने त्याची चौकशी करून औषध प्रशासनाचे वाभाडे काढले. 2020 मध्ये जम्मूजवळच्या रामनगरला बालके दगावली. 2022 मध्ये गांबियातील सुमारे 70 मुलांच्या मृत्यूंशी भारतात बनलेल्या सिरपांचा संबंध जोडला गेला, आणि जगभर नाचक्की झाली. तेव्हा मात्र शासन जागे झाले. 1 जून 2023 पासून निर्यातीच्या प्रत्येक खोकल्याच्या सिरपला शासनमान्य प्रयोगशाळेच्या तपासणीचे प्रमाणपत्र सक्तीचे केले. देशातल्या मुलांच्या तोंडी जाणाऱ्या बाटलीला ही अट लावली नाही. परदेशी ग्राहकासाठी प्रयोगशाळा आणि स्वदेशी ग्राहकासाठी सजगता, अशी ही वाटणी आहे. तिचे समर्थन कोणी उघडपणे करत नाही, करण्यासारखे नाहीच.

जे खरोखर लेबलवर वाचता आले असते, त्याचीही कथा पाहण्याजोगी आहे. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन यांचे हे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये आणि तशी सूचना वेष्टनावर छापावी, असा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्येच काढला होता. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षांनीही हेच मिश्रण त्या वयाच्या मुलांना लिहून दिले जात होते. आदेश ज्यांनी पाळायचा ते कारखानदार, ज्यांनी वाचायचा ते डॉक्टर आणि ज्यांनी राबवायचा ते निरीक्षक, हे सगळे बाजूला राहिले. प्रश्न विचारला गेला तो आईबापांना.

रुग्णाच्या ज्ञानाला किंमत नाही, असा याचा अर्थ कोणी काढू नये. रुग्णालयातील नोंदींची प्रत मागितल्यापासून 72 तासांत मिळाली पाहिजे, हे 2002 च्या वैद्यकीय आचारनियमांत आहे. ते ठाऊक असलेला माणूस हेलपाटे वाचवतो. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2018 साली मांडलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत 17 हक्क आहेत, आणि पहिलाच हक्क माहितीचा आहे. पण माहितीचा हक्क म्हणजे माहिती देण्याचे कोणाचे तरी कर्तव्य. ते कर्तव्य वगळून उरलेला हक्क रुग्णाच्या गळ्यात बांधला, की तो हक्क राहत नाही, गृहपाठ होतो.

1 ऑगस्ट 2023 पासून 300 प्रमुख ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड आला. मोबाइल धरला की उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत दिसते. म्हणजे बहुतांश तेच, जे वेष्टनावर आधीच छापलेले असते. त्या बॅचच्या कच्च्या मालाची तपासणी झाली का, कोणत्या प्रयोगशाळेत, कोणत्या तारखेला, निष्कर्ष काय, हे त्यात नाही. हे चार रकाने प्रत्येक सिरपच्या बाटलीवरील कोडमागे, मराठी-हिंदी-तमिळसह स्थानिक भाषांत आणि बाटली दुकानात पोहोचण्याआधी भरले जावेत. तोवर मंत्रालयाने पालकांसाठीची पुढची सूचनापत्रके छापण्याची घाई करू नये.