हप्ता झेपतो, अडते ती पहिली रक्कम

जळगावात किंवा धुळ्यात घर घ्यायला निघालेल्या कुटुंबाचे हप्त्याचे गणित बहुतेक वेळा तयार असते. भाड्यात जाणारे पैसे, नवऱ्याची कमाई, बायकोच्या शिवणकामाचे चार पैसे. ओढूनताणून का होईना, मेळ बसतो. घोडे अडते ते पुढच्या प्रश्नावर: तुमचा स्वतःचा वाटा किती?

हिशेब मांडून पाहावा. २५ लाखांचा फ्लॅट धरा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतचे कर्ज घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देता येते, म्हणजे इथे साडेबावीस लाख. उरले अडीच लाख. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क आणि स्थानिक अधिभार मिळून ६ टक्के, म्हणजे दीड लाख. नोंदणी फी १ टक्का, म्हणजे २५ हजार. झाले सव्वाचार लाख. त्यावर वकिलाचा सर्च रिपोर्ट, मूल्यांकन, प्रोसेसिंग फी आणि वीजमीटर. शिवाय ९० टक्के ही कमाल मर्यादा आहे. तेवढे मिळेलच असे नाही. शाखेने ८० टक्क्यांवर हात आखडता घेतला, तर वाटा आणि शुल्क मिळून पावणेसात लाख उभे करावे लागतात. घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. या उदाहरणात २५ हजार वाचतात, तेवढाच दिलासा.

यातली मुद्रांक आणि नोंदणीची रक्कम कर्जात का धरत नाहीत? कारण नियमच तसा आहे. कर्ज ठरवताना हा खर्च घराच्या किमतीत मिळवायचा नाही. २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्याला एक अपवाद केला: घर १० लाखांपर्यंतचे असेल तर हा खर्चही किमतीत धरता येतो. हेतू चांगला होता, पण आज जळगावच्या पिंप्राळ्यात किंवा धुळ्याच्या देवपुरात १० लाखांत दोन खोल्यांचा नवा फ्लॅट शोधून दाखवावा! आणि तिकडे केंद्र सरकारच्या सप्टेंबर २०२४ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मध्ये व्याज अनुदानासाठी ३५ लाखांपर्यंतचे घर चालते. अनुदानासाठी ३५ लाखांचे घर परवडणारे आणि मुद्रांकाचा खर्च किमतीत धरण्यासाठी मर्यादा १० लाखांची, हा मेळ कुणी घालायचा?

त्या अनुदानाचीही गोष्ट नीट पाहिली पाहिजे. वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबाला २५ लाखांपर्यंतच्या कर्जात पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के व्याज सवलत मिळते, एकूण १ लाख ८० हजारांपर्यंत. पण ती पाच वार्षिक हप्त्यांत, थेट कर्जखात्यात जमा होते. म्हणजे आधी वाटा भरा, मुद्रांक भरा, खरेदीखत करा, कर्ज उचला. मग सरकार मदतीला येणार. ज्याला पहिल्या दिवशीचे चार लाख जमले नाहीत, त्याच्यापर्यंत ही योजना पोहोचतच नाही.

मग हे पैसे येतात कुठून? खानदेशात पहिला आधार सोन्याचा. लग्नातली पोत, बांगड्या बँकेत किंवा सराफाकडे गहाण पडतात. बँकेचे सोनेतारण कर्ज क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसते. घरकर्ज देणारा अधिकारी त्याचा भार मासिक उत्पन्नातून वजा करतो आणि मंजूर होणारी रक्कम खाली येते. वाटा उभा करण्यासाठी घेतलेले कर्जच मुख्य कर्ज कमी करते. दुसरा आधार भिशीचा. तिसरा पतसंस्थेतल्या ठेवीचा, आणि त्याने या भागाला फार वाईट दगा दिला. जळगावात मुख्यालय असलेल्या भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट पतसंस्थेवर २०१५ मध्ये अवसायक नेमला गेला, तेव्हा असंख्य घरांनी मुलीच्या लग्नासाठी, शिक्षणासाठी, घरासाठी बाजूला ठेवलेले पैसे अडकले. अशा घरातल्या माणसाला ‘तुमची बचत दाखवा’ असे सांगताना बँकेने हा इतिहास आठवला पाहिजे.

आणखी एक गोष्ट उघडपणे कुणी बोलत नाही. सौदापावतीत लिहिलेली किंमत आणि प्रत्यक्षात मागितलेली किंमत यांत फरक असतो. वरची रक्कम ‘रोखीत’. बँक कर्ज देते ते कागदावरच्या किमतीवर. २५ लाखांच्या घराचा करार २० लाखांचा झाला, तर वरचे ५ लाख पूर्णपणे खिशातून भरावे लागतात. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला जून २०१५ पासून आयकर कायद्याने बंदी आहे. तरीही ही मागणी होते, आणि ती सर्वांत जास्त भोवते बचत नसलेल्यालाच.

पगाराची स्लिप असलेल्याचे निदान ऐकून तरी घेतले जाते. भुसावळच्या रेल्वेतला किंवा दीपनगरच्या वीज केंद्रातला कायम कर्मचारी निवृत्तीसाठी साठलेल्या पैशाला हात घालू शकतो. जळगावच्या डाळमिलमधला हमाल, चटईच्या कारखान्यातला कामगार, रावेर-यावलकडच्या केळीच्या गाड्या भरणारा मजूर, धुळ्यातला यंत्रमाग कामगार यांतल्या कितीतरी जणांकडे ना फॉर्म १६, ना आयकर विवरणपत्र. त्यांना जास्त व्याजाच्या गृहवित्त कंपन्यांकडे वळावे लागते.

गरिबाला घर मिळवून देण्याचा एक मोठा प्रयत्न याच मातीत झाला होता. १९९० च्या दशकात जळगाव नगरपालिकेने ११ हजारांहून अधिक घरकुलांची योजना आखली. बरीचशी घरे पूर्णच झाली नाहीत. २००६ मध्ये गैरव्यवहाराचा गुन्हा दाखल झाला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवले. पुढे प्रकरण उच्च न्यायालयात गेले. निकालाची चर्चा खूप झाली. ज्यांना त्या घरांत राहायला जायचे होते, त्यांच्याबद्दल फार कमी बोलले गेले.

बँकांचीही बाजू आहे. घेणाऱ्याचे स्वतःचे काहीच न गुंतवता वाटलेली कर्जे २००८ च्या अमेरिकी संकटात कशी बुडाली, हे सर्वांनी पाहिले. त्यामुळे सरसकट शंभर टक्के कर्जाची मागणी योग्य नाही. पण वाट काढता येते. सिंगापूरने १९६८ पासून कामगारांना सक्तीच्या भविष्य निधीतून सरकारी घराचा आगाऊ वाटा भरू दिला. ब्रिटनमधल्या स्किप्टन या संस्थेने मे २०२३ मध्ये सलग बारा महिने वेळेवर भाडे भरणाऱ्यांसाठी आगाऊ रकमेशिवाय कर्ज सुरू केले. त्यात हप्ताही साधारण भाड्याएवढाच ठेवायची अट होती.

आपल्याकडे सुरुवात दोन गोष्टींनी करावी. रिझर्व्ह बँकेने १० लाखांची मर्यादा आवास योजनेच्या ३५ लाखांशी जोडावी. निदान दोन्ही ठिकाणी तरी एकच आकडा राहील. आणि केंद्राने अनुदानाचा पहिला हप्ता कर्जखात्याऐवजी खरेदीखताच्या दिवशी मुद्रांक शुल्कापोटी द्यावा. ३६ हजार म्हणजे आपल्या उदाहरणातल्या मुद्रांकाचा जवळजवळ चौथा हिस्सा, आणि एका घरातल्या बाईची पोत गहाण पडण्यापासून वाचायला तेवढे पुरू शकतात. स्किप्टनसारखी सोय करायची तर भाड्याचा पुरावा मात्र इथे आधी तयार करावा लागेल. घरमालक भाडे रोख घेतात, पावती देत नाहीत. भाडेकरूंनी यूपीआयने भाडे भरायला लागावे आणि बँकांनी ते बारा महिन्यांचे खाते परतफेडीची सवय म्हणून मोजावे.