'जीआर रद्द' म्हणजे नेमकं काय? हा शब्द मराठीत आला कुठून?

29 जून 2025 ला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी हिंदीविषयीचे दोन्ही जीआर, म्हणजे 16 एप्रिल आणि 17 जूनचे शासन निर्णय, रद्द करत असल्याचं जाहीर केलं. काही मिनिटांत 'रद्द' हा शब्द सगळ्यांच्या स्टेटसवर होता. मराठीसाठीच्या लढ्यातला हा विजयी शब्द मूळचा अरबी आहे, हे मात्र फार कुणाच्या लक्षात आलं नसेल.

अरबीत 'रद्द' म्हणजे परत करणं, परतवून लावणं. सोशल मीडियावरच्या 'रिप्लाय'लाही अरबीत हाच शब्द वापरतात, कारण उत्तर म्हणजे परत आलेलं बोलणं. मुस्लीम वारसा कायद्यात वाटणीनंतर उरलेला हिस्सा वारसांकडे परत जातो, त्यालाही 'रद्द'च म्हणतात. फारसी ही इथल्या राज्यकारभाराची भाषा असताना हुकूम, फर्मान, अर्ज यांच्यासोबत तो दफ्तरात शिरला आणि मराठीत 'नाकारलेलं, मोडीत काढलेलं' या अर्थाने रुळला. 'रद्दी' त्याच घरातली. 'रद्दबातल'मधला 'बातल'ही अरबीच, अर्थ खोटं किंवा निष्फळ. थोडक्यात, हुकूम गेल्यावर उरते ती रद्दी!

पण बातम्या वाचताना खरा गोंधळ होतो तो 'रद्द' आणि 'स्थगिती' यांत. स्थगिती म्हणजे आदेश जिवंत आहे, फक्त थांबवलाय. उद्या तो पुन्हा लागू होऊ शकतो. रद्द झालेला आदेश परत आणायचा तर नव्यानेच काढावा लागतो.

हा फरक दिल्लीच्या सीमेवर बसलेल्या शेतकऱ्यांना चांगलाच ठाऊक होता. सुप्रीम कोर्टाने 12 जानेवारी 2021 ला तीन कृषी कायद्यांना स्थगिती दिली, तरी ते उठले नाहीत. 19 नोव्हेंबरला पंतप्रधान मोदींनी कायदे मागे घेण्याची घोषणा केली, तरीही नाहीत. कारण संसदेने केलेला कायदा भाषणाने रद्द होत नाही, त्यासाठी संसदेतच दुसरं विधेयक लागतं. ते 29 नोव्हेंबरला मंजूर झालं. त्यानंतर इतर मागण्यांवर सरकारचं लेखी आश्वासन आलं, तेव्हा डिसेंबरमध्ये तंबू निघाले.

जीआरचं त्यामानाने सोपं. तो सरकारचा प्रशासकीय आदेश असल्याने दुसरा जीआर काढून सरकार तो रद्द करू शकतं, विधिमंडळात जायची गरज नाही. पण तिथेही कागद लागतोच. 29 जूनला मुंबईत आंदोलकांनी जीआरच्या प्रती जाळल्या, त्याने जीआर रद्द झाला नव्हता. मुख्यमंत्र्यांच्या घोषणेनंतरही रद्द करणारा स्वतंत्र शासन निर्णय निघाला.

आणि जे रद्द झालं, ते जीआर. त्रिभाषा सूत्र रद्द झालं नाही. ते कोणत्या इयत्तेपासून लागू करायचं हे ठरवण्यासाठी त्याच दिवशी डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समितीची घोषणा झाली होती.