हलाल तर आहे, पण आपल्यात चालते का?

गेल्या हिवाळ्यात आम्ही पवनीहून क्वालालंपूरला गेलो. भाचा तिथे नोकरीला आहे. डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना तीस दिवसांपर्यंत मलेशियाचा व्हिसा लागत नाही, त्यामुळे अम्मींनाही सोबत नेता आले. निघताना त्यांनी सवयीप्रमाणे डबा बांधला. मेथीचे पराठे, लोणचे आणि चिवडा. परगावी निघालो की आमच्याकडे असेच असते. प्रत्येक हॉटेलात आधी विचारायचे आणि उत्तर पटले नाही तर डाळभातावर भागवायचे. भाचा विमानतळावरच म्हणाला, "नानी, डबा ठेवा आता. इथे विचारावे लागत नाही."

मोठ्या हॉटेलांच्या दारावर आणि दुकानातल्या पुड्यांवर तिथल्या सरकारी इस्लामी खात्याचा, म्हणजे जाकिमचा, हलालचा शिक्का असतो. रस्त्यावरच्या लहान गाड्यांवर तो बहुधा नसतो, पण चालवणारी बाई हिजाबात दिसली की गिऱ्हाईक बसते. दोन दिवस आम्ही बिनघोर खाल्ले. खरे सांगायचे तर सारखे विचारत राहण्याचे ओझे किती असते, ते तिथेच कळले.

तिसऱ्या दिवशी सकाळी कांपुंग बारूला गेलो. उंच इमारतींच्या मधोमध उरलेली ही जुनी मलाय वस्ती. तिथे आम्ही नासी लेमाक मागवला. नासी म्हणजे भात. तो नारळाच्या दुधात, पांदानच्या पानांची गाठ टाकून शिजवतात. केळीच्या पानावर भात, शेजारी लालभडक सांबल, तळलेली बोटाएवढी सुकी मासळी, शेंगदाणे, काकडीच्या चकत्या आणि उकडलेले अंडे. भाताचा वास आल्याबरोबर अम्मी म्हणाल्या, "ये तो केवडे की खुशबू है." त्यांचे चुकले नव्हते. पांदान ही केवड्याचीच बहीण.

पहिला घास झाला आणि अम्मींनी विचारले, सांबलमध्ये काय आहे? भाच्याने सहज सांगितले की मिरची, कांदा, चिंच आणि बेलाचान. बेलाचान म्हणजे बारीक झिंगे मिठात मुरवून, उन्हात वाळवून केलेली वडी. अम्मींचा हात थांबला.

कोकणातल्या वाचकांना इथे हसू येईल. रत्नागिरी-रायगडचे आपले भाऊबंद शाफई, आणि मलायही शाफई. त्यांच्याकडे समुद्रातले जवळपास सगळेच चालते. आम्ही विदर्भातले बहुतेक हनफी. आमच्याकडे पाण्यातले खायचे तर मासा. खेकडा नाही, शिंपले नाहीत. झिंग्याबद्दल हनफी उलेमांमध्येच मतभेद आहे. तो मासा मानला तर जायज, नाही मानला तर नाही. भंडारा तळ्यांचा जिल्हा, बाजारात झिंगे ढिगाने येतात. अब्बा आवडीने खायचे, अम्मींनी आयुष्यात तोंडाला लावला नाही. पण अब्बांसाठी वेगळ्या कढईत त्याच शिजवून द्यायच्या.

त्या सकाळी मात्र आम्हाला त्यांचा राग आला. एवढ्या लांब येऊन, मुसलमानाच्याच गाडीवर बसून, हे कशाला? "अम्मी, वडीचा नुसता वास आहे हो," असेही म्हणून झाले. त्या काही बोलल्या नाहीत, काकडी खात राहिल्या. भाच्याने गाडीवाल्या बाईंना मलायमध्ये काहीतरी सांगितले. त्यात 'हनफी' एवढा एकच शब्द आम्हाला कळला. बाईंनी मान हलवली, ते पान उचलले, दुसऱ्या पानावर नुसता भात, अंडे, शेंगदाणे घेतले आणि वर कोंबडीचे रेंदांग वाढले. यात बेलाचान नाही, असे बोट हलवून अम्मींना स्वतः सांगितले. पैसे एकाच पानाचे घेतले. वाद नाही, कपाळावर आठी नाही. आम्ही घरचे असून जे केले नव्हते, ते त्या बाईंनी केले.

रेंदांग अम्मींना इतके आवडले की बोटे चाटली. गवती चहाचा दांडा, आल्याचीच एक जात, नारळाचे दूध आणि शेवटी भाजून कुटलेले खोबरे, रस आटेपर्यंत मंद आचेवर. भाजल्या खोबऱ्याची चव आपल्या वऱ्हाडी रश्शातली. तिला का परकी वाटेल?

रात्री मामकच्या हॉटेलात. मामक म्हणजे तिथले तमिळ मुसलमान. शब्द तमिळ 'मामा'वरूनच आला, आणि अर्थही आपलाच. पातळ ओढलेली रोती चनाई डाळीबरोबर, आणि दोन भांड्यांत उंचावरून ओतून फेसाळलेला चहा, तेह तारिक. तमिळ मुसलमानांतही रावुत्तर हनफी आणि मरैकायर शाफई. एकाच गल्लीत दोन्ही. पेनांगचा प्रसिद्ध नासी कांदारही याच लोकांचा. कांदार म्हणजे कावड, भात आणि सालनाची भांडी कावडीला टांगून ते दारोदार विकायचे. नासी लेमाक, रोती चनाई, तेह तारिक या न्याहारीला युनेस्कोने डिसेंबर २०२४ मध्ये वारसा म्हणून मान दिला. अम्मींना भाच्याने हे सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, "मग आपल्या पोह्यांचे काय?"

घरी आल्यावर आम्ही चिन्नोरचा नासी लेमाक केला. भंडाऱ्याच्या या सुवासिक तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. दोन वाट्या तांदळाला तीन वाट्या पातळ नारळाचे दूध, आल्याचा ठेचलेला तुकडा आणि मीठ. जाड बुडाचे भांडे आणि आच अगदी मंद, नाहीतर दूध तळाला लागते. पांदान मिळत नाही, म्हणून उतरवल्यावर केवडाजलाचे दोन थेंब. जास्त घातले तर बिर्याणी होते. सांबलसाठी भिजवलेल्या लाल मिरच्या, कांदा, लसूण वाटून तेल सुटेपर्यंत परतायचे, मग चिंचेचा कोळ आणि गूळ.

सांबल दोन कढयांत केला. एकात वाळवलेले झिंगे कुटून घातले, एकात नाही. दस्तरख्वानावर दोन्ही वाटे शेजारी ठेवले. जेवताना अम्मी फक्त एकदा ओरडल्या. धाकट्याने त्या वाट्यातला चमचा या वाट्यात घातला होता.