जुनी फणेरपेटी

वसमतच्या बाजारात हळदीची पोती येऊन पडली, की सारा परिसर तिच्या वासाने भरून जातो. याच हळदीला लिंबाचा रस व टाकणखार यांचे पुट दिले म्हणजे ती लाल होते आणि तिचे कुंकू बनते. कुंकू सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु ते ज्या पेटीत जपून ठेवीत, ती फणेरपेटी आज विस्मृतीत गेली आहे.

फणेरपेटी म्हणजे स्त्रियांच्या शृंगारसाहित्याची लाकडी पेटी. झाकणाच्या आतल्या बाजूस आरसा आणि खाली लहान लहान कप्पे असत. एकात फणी, दुसऱ्यात कुंकवाचा करंडा, तिसऱ्यात मेणाची डबी. कपाळाला आधी मेण लावून त्यावर कुंकू रेखीत, म्हणजे ते दिवसभर टिके. गावच्या सुताराने घडवलेली साधी पेटी काही मौल्यवान नसे. झाकणावर एखादी कोरीव वेल किंवा पितळेची फुले, एवढाच तिचा थाट.

अशी पेटी अडगळीत सापडली, की घरात दोन मते ऐकू येतात. कोणी म्हणतो, "मोडीत टाका." कोणी म्हणतो, "चकचकीत रंग देऊन नवी करा." ही दोन्ही मते चुकीची आहेत.

दुरुस्तीच्या खर्चात नवा डबा येईल, हे म्हणणे हिशेबाला धरून आहे. परंतु सर्वांनीच असा हिशेब केला असता, तर पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय उभे राहिले नसते. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे दिनकर केळकर (१८९६–१९९०) यांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, दौती अशा घरगुती वस्तू जमवल्या आणि अकाली निवर्तलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्या संग्रहाला दिले. इतरांना अडगळ वाटलेल्या वस्तूंतून पूर्वीच्या संसाराचा इतिहास आज तेथे वाचता येतो.

आता रंगाविषयी. जाड तैलरंगाखाली कोरीव काम बुजते आणि लाकडाचे अंगचे तेज झाकले जाते. खरी दुरुस्ती सावकाश करावी लागते. प्रथम मऊ कुंचल्याने धूळ झाडावी. पाण्याने धुऊ नये, कारण पाण्याने लाकूड फुगते. ताजा भुसा पडत असेल, तर कीड जिवंत आहे असे समजून जाणत्या सुताराकडून तिचा बंदोबस्त करावा. मग बारीक भुसा व सरस कालवून छिद्रे बुजवावीत. सरस ऊन पाण्याने मऊ होतो, म्हणून आज झालेली चूक उद्या सुधारता येते. शेवटी जवसाच्या तेलाचा पातळ हात फिरवून फडक्याने पुसून घ्यावे. ही तेलकट फडकी ढीग करून ठेवली, तर आपोआप पेट घेतात. ती वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली मोकळ्या हवेत पसरून वाळवावीत.

मात्र एक गोष्ट मुळीच घासू नये. ती म्हणजे कप्प्याच्या तळाशी मुरलेला कुंकवाचा लाल डाग. पती निवर्तला, की स्त्रीने कुंकू पुसावे, अशी कठोर रूढी होती. कितीतरी पेट्या त्याच दिवशी मिटल्या आणि अडगळीत गेल्या. तो डाग एका स्त्रीच्या आनंदाची खूण आहे, तशीच तिच्यावरील अन्यायाचीही. रंगाचा एक हात फिरला, तर दोन्ही पुसले जातील. पेटी जपावी, ती रूढी मात्र जपू नये.

दुरुस्त झालेली पेटी घरातील आजीच्या हाती द्यावी. ती झाकण उघडील आणि कदाचित काही सांगू लागेल. तेव्हा शेजारी बसून ऐकण्यास कोणीतरी असावे, यासाठीच ही सारी खटपट.