कानात बोळे, तोंडात स्वीडिश

कानात बोळे घालून परभाषा शिकण्याची युक्ती ज्याने काढली, त्याला एक महिना आमच्या कॅश काउंटरवर बसवावं. त्यातही पेन्शनच्या दिवशी.

माझी भाची लग्न होऊन स्वीडनला, गॉथेनबर्गला गेली. "मामा, उन्हाळ्यात या," एवढंच ती म्हणाली, आणि आमच्या हिने माझ्या मोबाइलात स्वीडिशचे धडे भरले. बदलापूरला गाडीत चढायचं, उल्हासनगरला उतरायचं; मध्ये अंबरनाथ. तेवढ्यात एक धडा होतो. बाई म्हणते, "वा हेतर दू?" आणि थांबते. मग मी गर्दीत पुटपुटतो, "वा हेतर दू?" म्हणजे, तुझं नाव काय? शेजारचा माणूस आपली बॅग छातीशी धरतो.

भाषेशी माझं वैर नाही. स्वीडिश लोकांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून 'अहो-जाहो' जवळजवळ मोडीतच काढलं, साहेबालाही 'दू'. ही सोय आमच्या शाखेत आली तर मी बढतीवर पाणी सोडीन. शिवाय स्वीडिश माणूस आम्हाला नवा नाही. १९२३ साली स्थापन झालेली विमको मूळची स्वीडिश मॅच कंपनीची, आणि तिचा काड्यापेट्यांचा कारखाना अंबरनाथला. आमच्या लाइनीतल्या कित्येक चुली त्या पगारावर पेटल्या, आणि त्यासाठी कोणाला स्वीडिश शिकावं लागलं नाही.

माझं भांडण त्या बाईशी आहे. स्वीडिशमध्ये 'आंदेन' एका सुरात म्हटलं तर बदक, दुसऱ्या सुरात म्हटलं तर आत्मा. मी बदक म्हणालो की आत्मा, हे बाईला कळायचा संभवच नाही. तिला तोंड आहे, कान नाहीत. मी काहीही बरळलो तरी ती पुढच्या वाक्याकडे वळते. आणि भाची सांगते, तिथे दुकानात मोठ्या हिमतीने स्वीडिश सुरू केलं की समोरचा इंग्रजीत उत्तर देतो!

परवा काउंटरवर एक सिंधी आजी आल्या. फाळणीनंतर आईच्या कडेवरून कल्याण कॅम्पात आलेल्या; त्या कॅम्पाचं १९४९ साली उल्हासनगर झालं. मी या शाखेत अठरा वर्षं आहे, त्या माझ्याही आधीपासून येतात. आता मुलाकडे इंदूरला कायमच्या निघाल्या होत्या. खातं बंद झालं, पैसे मोजून दिले, तरी हलेनात. म्हणाल्या, "पुट, तुंहिंजो नालो छा आहे?"

मला वाटलं, वालधुनीच्या नाल्याची तक्रार. म्हटलं, "माताजी, उसके लिए महापालिका में जाइए."

मागची सगळी रांग हसली. एकाने समजावलं, "साहेब, त्या तुमचं नाव विचारतायत." म्हणजे वा हेतर दू! आणि शेवटचं 'आहे' तर चक्क आपलंच.

मी नाव सांगितलं. आजींनी ते म्हणून पाहिलं, चुकलं. मी दुरुस्त केलं. पुन्हा चुकलं, पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा बरोबर आलं. मग मी त्यांना विचारलं, "आणि तुंहिंजो नालो?" त्यांनी आधी माझा 'तुंहिंजो' सुधारला. आईच्या वयाच्या बाईला 'तव्हांजो' म्हणायचं असतं.